मुद्रा, दस्तक आणि प्रमाणित प्रारंभ : सिंधुदुर्गाच्या द्वारापासून संगणकाच्या गाभ्यापर्यंत

१. विषयप्रवेश

मालवणच्या किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाकडे पाहिले असता तटाची एक सलग काळी रेषा तेवढी दिसते. प्रवेशद्वार कोठे आहे याचा उलगडा होत नाही. होडी तटाच्या अगदी निकट गेल्यावर बुरुजांच्या वळणात दडविलेले द्वार प्रथमच दृष्टीस पडते. कुरटे बेटावरील या जलदुर्गाची पायाभरणी इ. स. १६६४ च्या नोव्हेंबर महिन्यात झाली आणि सुमारे तीन वर्षांत त्याचे काम पुरे झाले. सुमारे ४८ एकरांचा विस्तार, पायात ओतलेले शिसे आणि लाटा झेलणारा नागमोडी तट यांचे वर्णन अनेकांनी केलेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र तट नसून द्वार हा आहे. तट कितीही भक्कम असला तरी द्वार प्रतिदिनी उघडावेच लागते; आणि ते उघडण्यापूर्वी बाहेर उभा असलेला मनुष्य कोण, त्याच्या हातातील कागद कोणाचा, याचा निर्णय करावाच लागतो. तटाचे रक्षण दगडचुन्याने होते. द्वाराचे रक्षण ओळख पटविण्याच्या रीतीने होते.

हाच प्रश्न गेल्या सुमारे चाळीस वर्षांत एका सर्वस्वी निराळ्या क्षेत्रात उपस्थित झाला आहे. संगणकाच्या परिचालन प्रणालीचा जो मध्यवर्ती भाग स्मृती, प्रक्रियक आणि सर्व उपकरणे यांवर हुकमत चालवितो त्यास कर्नेल असे म्हणतात. यंत्र सुरू होताना हा कर्नेल साठवणीतून उचलून स्मृतीत ठेवला जातो आणि त्या क्षणापासून यंत्राचा सर्वाधिकार त्याच्या हाती जातो. एकदा अधिकार गेला की पुढे विचारणा करणारे वर कोणी उरत नाही. म्हणून कर्नेलला आत घेण्यापूर्वीच त्यावरील मुद्रा तपासावी, मुद्रा ओळखीची नसेल तर यंत्राने पुढे जाऊ नये, अशी व्यवस्था निर्माण झाली. तिला प्रमाणित प्रारंभ म्हणता येईल.

कोकणकिनाऱ्यावरील मुद्रापद्धतीतून ही व्यवस्था उत्पन्न झाली, असा दावा करण्याचे कारण नाही. दोहोंत कार्यकारणसंबंध नाही. प्रश्न मात्र एकच आहे. मुद्रा खरी की खोटी हा त्या प्रश्नाचा सोपा भाग होय. द्वारावर कोणाची मुद्रा मानावयाची, आणि ते ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा की दुसऱ्या कोणाचा, हा त्याचा अवघड भाग होय. या किनाऱ्याचा इतिहास त्या अवघड भागावर बराच प्रकाश टाकतो.

२. दप्तरातील मुद्रा व मोर्तब

आज मराठीत ‘शिक्कामोर्तब’ हा एकच शब्द रूढ आहे. परंतु मुळात त्यात दोन स्वतंत्र क्रिया आहेत. राजपत्राच्या शिरोभागी मुख्य शिक्का उमटविला जाई आणि मजकूर संपताच शेवटी लहान मोर्तब केले जाई. शिवछत्रपतींच्या पत्रांवर आरंभी प्रतिपदेच्या चंद्रकोरीची उपमा असलेली सुप्रसिद्ध संस्कृत मुद्रा आढळते, तर अखेरीस मर्यादामुद्रा आढळते. पहिली मुद्रा पत्र कोणाचे हे सांगते. दुसरी पत्र कोठे संपले हे सांगते. मर्यादामुद्रेच्या खाली कोणी एखादी ओळ वाढविली तर ती पत्राबाहेरची आहे हे पाहताक्षणीच कळावे, हा तिचा हेतू. म्हणजे पत्राचा कर्ता आणि पत्राचा अखंडपणा या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंची निश्चिती वेगवेगळ्या खुणेने केली पाहिजे, ही जाणीव त्या काळच्या दप्तरात स्पष्ट होती.

राज्याभिषेकसमयीच्या, म्हणजे १६७४ च्या, कानुजाबत्यात प्रधानांची कामे वाटून दिलेली आहेत. सचिवाकडे जे काम दिले आहे ते येथे विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. राजपत्रे तपासून त्यांतील अधिक-उणे अक्षर शुद्ध करणे आणि मग आपले चिन्ह करणे हे त्याचे कर्तव्य होते. पत्रावर ‘सुरू सूद’, ‘बार सूद’ यांसारखे शेरे पडत. त्यांवरून ते दप्तरात रुजू झाले की नाही हे कळे. एकाच हाताने लिहावे, त्यानेच तपासावे आणि त्यानेच शिक्का करावा अशी मुभा नव्हती. लेखक, तपासनीस आणि मुद्राधारी हे तिघे वेगळे ठेवल्याने एकाच्या लबाडीने संपूर्ण पत्र बनावट होऊ शकत नसे.

तथापि या पद्धतीत एक मूलगामी उणीव होती. शिक्का धातूचा असे आणि त्याचा ठसा डोळ्यांनी ओळखावा लागे. ठसा पाहून कुशल कारागीर दुसरा शिक्का कोरू शकत असे. शिवाय खऱ्या कागदावरील मुद्रा व मजकूर यांचा संबंध केवळ एकाच कागदावर असण्यापुरता होता; मजकुरातील एखादे अक्षर खरवडून बदलले तरी मुद्रा जशीच्या तशी राही. ही उणीव दूर होण्यास तीनशे वर्षे जावी लागली.

३. गडाचे द्वार आणि तोतयाचे प्रकरण

सभासदाच्या बखरीत गडाच्या कारभाराची जी माहिती येते तिच्यावरून गड एकाच माणसाच्या स्वाधीन नसे असे दिसते. हवालदार, सरनोबत आणि सबनीस यांनी मिळून कारभार पाहावा, कोठाराचा हिशेब कारखानिसाने ठेवावा, अशी ती व्यवस्था होती. उद्देश उघड आहे. एक फितूर झाला तरी दुसऱ्याच्या संमतीवाचून द्वार उघडले जाऊ नये.

ही साखळी तुटली म्हणजे काय होते, याचे ठळक उदाहरण सिंधुदुर्गाच्या उत्तरेस, रत्नागिरीस घडले. सदाशिवरावभाऊ १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर पडले. परंतु त्यांच्या मृत्यूविषयी अनेकांच्या मनात संशय राहिला. त्या संशयाचा फायदा घेऊन एक इसम स्वतःस भाऊसाहेब म्हणवू लागला. त्याची चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. पुढे तो रत्नागिरीच्या किल्ल्यात असता, १७७६ मध्ये, तेथील किल्लेदार रामचंद्र नाईक परांजपे यानेच त्यास बंधमुक्त करून भाऊसाहेब म्हणून पुढे आणले. त्यानंतर कोकणातील किल्ल्यांमागून किल्ले त्याच्या हाती गेले आणि हजारोंची फौज त्याच्याभोवती जमली. अखेर त्याचा पराभव होऊन तो पकडला गेला व त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास त्यास देहान्त शासन झाले.

या प्रकरणात तोतयाचे चातुर्य जितके कारणीभूत झाले त्याहून अधिक पहिल्या किल्लेदाराची साक्ष कारणीभूत झाली. पुढील किल्लेदारांनी तोतयाला स्वतंत्रपणे तपासले नाही. ज्याने त्याला मान्य केले होते त्याच्यावर विश्वास ठेवला. विश्वासाची साखळी अशीच चालते. प्रत्येक कडी मागील कडीच्या आधारावर उभी असते, आणि म्हणूनच पहिली कडी खोटी निघाली तर तिच्यापुढील सर्व कड्या, स्वतः निर्दोष असूनही, खोट्याच्याच सेवेत रुजू होतात.

४. समुद्रावरील परवाना

मुद्रा कोणाची मानावी हा प्रश्न किल्ल्याच्या द्वारापेक्षाही उघड्या समुद्रावर अधिक तीव्र झाला. सोळाव्या शतकाच्या आरंभापासून पोर्तुगीजांनी हिंदी महासागरात कार्ताझ नावाचा परवाना सक्तीचा केला. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, जहाजाचा आकार, त्यावरील शस्त्रे, कोणत्या बंदरातून निघून कोठे जावयाचे इत्यादी तपशील नमूद असे. काही विशिष्ट माल नेण्यास मनाई असे. ज्या गलबताजवळ कार्ताझ नसे ते पकडून मालासह जप्त केले जाई. येथे तपासणीचे तंत्र सदोष होते असे म्हणता येणार नाही. तक्रार होती ती निराळीच. हा समुद्र ज्यांच्या वाडवडिलांपासून वहिवाटीचा होता त्यांनाच स्वतःच्या किनाऱ्यावर परक्याची मुद्रा घेतल्याखेरीज हालचाल करता येईना.

याला उत्तर दोन प्रकारांनी देता आले असते. एक, कोणीही कोणाचा परवाना पाहू नये असा आग्रह धरणे. दोन, स्वतःची मुद्रा निर्माण करून ती मानावयास लावणे. मराठी राज्याने दुसरा मार्ग स्वीकारला. आरमाराची उभारणी आणि सिंधुदुर्गासारख्या जलदुर्गांची बांधणी हे त्या मार्गाचेच टप्पे होत. १६६५ च्या फेब्रुवारीत मालवणहून आरमार बसरूरच्या मोहिमेस निघाले, ते या किनाऱ्यावर नवा मुद्राधारी उभा राहिल्याचेच चिन्ह होते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी, १७२९ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत, कोकणकिनाऱ्यावरून जाणाऱ्या जहाजांनी आपला दस्तक घेतला पाहिजे असा आग्रह चालविला.

कान्होजी आणि मुंबईकर इंग्रज यांच्यातील कलह या दृष्टीने अभ्यसनीय आहे. १७१३ च्या तहाने कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे ठरले. परंतु कंपनीच्या संरक्षणाखाली इतर व्यापाऱ्यांचा मालही जाऊ लागला आणि अशा मालास सवलत लागू आहे की नाही यावरून तंटा उपस्थित होऊन तो १७१८ पर्यंत उघड लढाईवर आला. मुद्रा खरी, परंतु तिच्या आडून जाणारा माल दुसऱ्याचा, असा तो पेच होता. संगणकाच्या क्षेत्रात हाच पेच तीनशे वर्षांनी जसाच्या तसा उद्भवला, हे पुढे दिसून येईल.

५. गणिती मुद्रा

धातूच्या शिक्क्याची जी उणीव वर सांगितली ती १९७० नंतरच्या दशकात गणिताने भरून काढली. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी जोडकिल्ल्यांची कल्पना प्रसिद्ध केली. एक किल्ली खाजगी, ती धन्यानेच जपावयाची. दुसरी सार्वजनिक, ती कोणासही द्यावयाची. १९७७ मध्ये रिव्हेस्ट, शमीर व अॅडलमन यांनी या कल्पनेला व्यवहार्य रूप दिले. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार करणे सोपे, परंतु गुणाकारावरून त्या संख्या शोधून काढणे अतिशय दुष्कर, या साध्या तत्त्वावर ती पद्धत उभी आहे. आज सामान्यतः वापरल्या जाणाऱ्या २०४८ द्विमान अंकांच्या किल्लीत जी संख्या असते ती दशमान पद्धतीने लिहावयाची तर सहाशेहून अधिक अंक लागतात.

गणिती मुद्रेची क्रिया दोन टप्प्यांची आहे. प्रथम संपूर्ण मजकुराचा एक ठराविक लांबीचा गोषवारा काढतात. त्यास हॅश म्हणतात. एसएचए-२५६ या प्रचलित रीतीत मजकूर एका ओळीचा असो वा लक्षावधी ओळींचा असो, गोषवारा २५६ द्विमान अंकांचाच येतो; आणि मजकुरातील एक अक्षर बदलले तरी गोषवारा ओळखू न येण्याइतका बदलतो. नंतर त्या गोषवाऱ्यावर खाजगी किल्लीने गणिती संस्कार करून मुद्रा तयार करतात. सार्वजनिक किल्ली जवळ असलेला कोणीही ती मुद्रा पडताळू शकतो. परंतु नवी मुद्रा बनवू शकत नाही. ठसा पाहून शिक्का कोरण्याची वाट येथे बंद झाली. शिवाय मुद्रा मजकुरातूनच उत्पन्न होत असल्यामुळे सचिवाचे ‘अधिक-उणे अक्षर’ पाहण्याचे काम, मर्यादामुद्रेचे काम आणि मुख्य शिक्क्याचे काम ही तिन्ही एकाच क्रियेत साधली.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या ऑक्टोबरात अमलात आला आणि अशा अंकीय स्वाक्षरीस कायदेशीर मान्यता मिळाली. महाराष्ट्रात २०१८ पासून अंकीय स्वाक्षरीचा सातबारा उतारा मिळू लागला. तलाठ्याच्या शाईच्या सहीवाचून आलेला तो कागद ज्या तत्त्वावर ग्राह्य धरला जातो त्याच तत्त्वावर कर्नेलची मुद्राही चालते.

६. यंत्राच्या प्रारंभाचा प्रश्न

वीज सुरू होताच संगणकात प्रथम मुख्य फलकावरील फर्मवेअर जागे होते. ते बूटलोडर नावाचा लहान कार्यक्रम उचलते. बूटलोडर कर्नेलला उचलतो. आणि कर्नेल उर्वरित प्रणाली उभी करतो. दीर्घकाळपर्यंत या क्रमात कोठेही विचारणा नव्हती. ठराविक जागी जे सापडेल ते आत घ्यावे, एवढाच नियम होता. त्याचा परिणाम १९८६ मध्ये दिसून आला. लाहोर येथे लिहिला गेलेला ब्रेन नावाचा विषाणू फ्लॉपी चकतीच्या प्रारंभविभागात स्वतःस बसवून मूळ मजकूर दुसरीकडे हलवीत असे. यंत्र सुरू होताच प्रथम विषाणू आत येई आणि मग तोच खऱ्या कार्यक्रमास बोलावी. द्वारपालाच्या जागी तोतयाच बसल्यावर आतील पहारेकऱ्यांनी कितीही दक्षता ठेवली तरी तिचा उपयोग नव्हता.

याच सुमारास, १९८४ मध्ये, युनिक्सचे एक जनक केन टॉम्पसन यांनी ट्युरिंग पारितोषिकाच्या व्याख्यानात याहून खोल शंका मांडली होती. कार्यक्रमाचा मूळ मजकूर निर्दोष असला तरी त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा संकलकच दूषित असेल तर दोष अदृश्य राहून पुढे चालू राहतो, हे त्यांनी प्रत्यक्ष दाखविले. अर्थात कोठेतरी एका आरंभबिंदूवर, पडताळणीवाचून, विश्वास ठेवावाच लागतो. तो बिंदू शक्य तितका लहान आणि शक्य तितका दुर्भेद्य करावा, एवढेच मनुष्याच्या हाती आहे.

१९९७ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील आर्बो, फार्बर व स्मिथ यांनी एजिस या नावाने अशा साखळीची रीतसर मांडणी केली. प्रत्येक टप्प्याने पुढील टप्प्याची मुद्रा तपासून मगच त्यास अधिकार द्यावा, हे तिचे सूत्र होते. २०११ च्या सुमारास हे तत्त्व यूईएफआय या फर्मवेअरच्या प्रमाणकात सिक्युअर बूट या नावाने आले. त्यात किल्ल्यांची उतरंड आहे. सर्वांत वर यंत्राची मुख्य किल्ली. तिच्याखाली मान्य मुद्रांच्या यादीत फेरफार करण्याचा अधिकार देणाऱ्या किल्ल्या. मग मान्य मुद्रांची यादी. आणि तिच्या जोडीला रद्द केलेल्या मुद्रांची यादी. ज्याच्या हाती वरची किल्ली तो खालच्या याद्यांचा धनी.

७. स्वतःचा कर्नेल आणि स्वतःची मुद्रा

२०१२ मध्ये विंडोज ८ च्या प्रमाणपत्रासाठी मायक्रोसॉफ्टने यंत्रोत्पादकांस सिक्युअर बूट आवश्यक केले, आणि बाजारातील बहुतेक यंत्रांत त्याच कंपनीची मुद्रा मान्य म्हणून आधीच बसविलेली येऊ लागली. चोराविरुद्धची ही योजना प्रामाणिक होती. परंतु तिने कार्ताझचा प्रश्न पुन्हा उभा केला. १९९१ मध्ये लिनस टॉरवल्ड्स यांनी सुरू केलेला लिनक्स कर्नेल ज्यास हवा त्यास आपल्या गरजेप्रमाणे बदलून घेता येतो, हेच त्याचे वैशिष्ट्य होय. प्रयोगशाळेतील यंत्रसामग्री क्षणाचाही विलंब न होऊ देता नियंत्रित करावयाची असेल तर त्यासाठी लागणाऱ्या वास्तवकालीन सुधारणा २०२४ मधील ६.१२ या आवृत्तीपर्यंत मूळ कर्नेलमध्ये पूर्णपणे समाविष्ट नव्हत्या. तोवर संशोधकास स्वतःच कर्नेल घडवून घेणे भाग होते. असा घरी घडविलेला कर्नेल कितीही निर्दोष असला तरी त्यावर मान्य मुद्रा नसते, आणि यंत्र त्यास द्वाराबाहेरच ठेवते.

या धोक्याची चाहूल आधीच लागली होती. टिवो नावाच्या दूरचित्रवाणी-मुद्रण यंत्रात लिनक्स कर्नेल असे व त्याचा मूळ मजकूर ग्राहकास उपलब्धही असे. परंतु ग्राहकाने तो बदलून बसविला तर कंपनीची मुद्रा नसल्यामुळे यंत्र तो स्वीकारीत नसे. बदलण्याचा हक्क कागदोपत्री राहिला, व्यवहारात नाहीसा झाला. २००७ च्या जीपीएल परवान्याच्या तिसऱ्या आवृत्तीत ग्राहकोपयोगी यंत्रांपुरता हा प्रकार रोखण्याचे कलम घालण्यात आले. लिनक्स कर्नेलने मात्र दुसरी आवृत्तीच कायम ठेवली.

यातून जी तोड निघाली ती विचारार्ह आहे. साध्या संगणकांच्या बाबतीत, समक्ष हजर असलेल्या धन्यास सिक्युअर बूट बंद करता यावे अशी अट २०१२ च्या नियमांत होती. एआरएम जातीच्या यंत्रांस ती मुभा नव्हती, आणि २०१५ च्या विंडोज १० पासून ती उत्पादकांच्या मर्जीवर गेली. पहारा उठविणे हा उपाय नव्हेच. मॅथ्यू गॅरेट यांनी २०१२ मध्ये शिम नावाचा लहान बूटलोडर तयार केला. त्यावर मायक्रोसॉफ्टची मुद्रा असते, त्यामुळे फर्मवेअर त्यास आत घेते. परंतु शिम पुढील कार्यक्रम तपासताना वितरकाची किल्ली आणि त्याशिवाय यंत्रधन्याने स्वतः नोंदविलेली किल्ली मानतो. यंत्रधन्याच्या किल्लीची ही कल्पना सुसे या वितरकाकडून आली.

तिचा विधी असा आहे. धनी प्रथम जोडकिल्ल्या तयार करतो. खाजगी किल्लीने तो आपल्या कर्नेलवर आणि त्याबरोबर चालणाऱ्या प्रत्येक सुट्या घटकावर मुद्रा करतो. सार्वजनिक किल्ली नोंदविण्याची विनंती चालू प्रणालीतून करता येते, परंतु ती तेथे मंजूर होत नाही. विनंती करताना एक परवलीचा शब्द ठरवावा लागतो. यंत्र पुन्हा सुरू केले म्हणजे परिचालन प्रणाली येण्यापूर्वीच एक पडदा उघडतो. तेथे कळफलकासमोर बसून तोच शब्द टंकित केल्यावर किल्ली यादीत रुजू होते. दुरून यंत्रात शिरलेला घुसखोर विनंती करू शकेल, पण द्वाराशी समक्ष उभा राहू शकणार नाही, हे त्यामागील तत्त्व. विनंती करणारा आणि मंजुरी देणारा यांची स्थळे व वेळा वेगळ्या ठेवण्याची ही रीत जुन्या दप्तरातील लेखक व मुद्राधारी यांच्या विभागणीशी जुळते. याहून पुढे जाऊ इच्छिणाऱ्यास फर्मवेअरमधील मुख्य किल्लीच बदलून संपूर्ण उतरंड स्वतःच्या नावे करता येते. मात्र त्यात एखाद्या उपकरणाच्या फर्मवेअरवरील परकी मुद्रा अमान्य होऊन यंत्रच सुरू न होण्याचा धोका असतो.

८. मुद्रेच्या मर्यादा

मुद्रा कर्त्याची ओळख देते. कर्त्याच्या कृतीची हमी देत नाही. २०२० च्या जुलैत ग्रब या सर्वत्र वापरात असलेल्या बूटलोडरमध्ये एक दोष उघडकीस आला. तो बूटहोल या नावाने प्रसिद्ध आहे. ग्रब मुद्रांकित होता, मुद्रा खरी होती; परंतु त्याची मांडणीपत्रिका मुद्रांकित नव्हती, आणि तिच्यात विशिष्ट मजकूर भरून मुद्रेवाचूनचा कार्यक्रम आत नेता येत होता. कान्होजींच्या काळातील परवान्याआडच्या मालाचा पेच तो हाच. दोष असलेल्या प्रती इतक्या ठिकाणी पसरल्या होत्या की त्या एकेक करून रद्द करावयास फर्मवेअरमधील रद्दयादीची जागाच अपुरी पडू लागली. पुढील वर्षी पिढीक्रमांकाची योजना निघाली. तिच्यानुसार ठरावीक पिढीच्या आधीचे सर्व बूटलोडर एका नोंदीने अमान्य करता येतात. नवा राजा आला म्हणजे नवी मुद्रा कोरली जाई, पण जुन्या मुद्रेची सनद घेऊन येणाऱ्याचे काय करावयाचे हा प्रश्न दप्तराला सुटत नसे. त्याचेच हे आधुनिक रूप.

दुसरी मर्यादा किल्ली राखण्याची. स्वतःची मुद्रा असण्याचा हक्क म्हणजे ती जपण्याची जबाबदारीही होय. खाजगी किल्ली जर त्याच यंत्रात उघडी ठेवली तर घुसखोर तिनेच आपल्या कर्नेलवर मुद्रा करील, आणि यंत्र त्यास आदराने आत घेईल. शिक्का द्वारावर टांगून ठेवण्यासारखेच ते आहे. धन्याच्या हलगर्जीपणापेक्षा परक्या पण दक्ष मुद्राधाऱ्यावर विसंबणे बरे, असा जो युक्तिवाद मोठ्या कंपन्यांच्या बाजूने केला जातो त्यात या कारणामुळे तथ्य आहे. बहुसंख्य वापरणाऱ्यांस स्वतःचा कर्नेल घडवावयाचा नसतो आणि किल्ली सांभाळण्याचा सरावही नसतो. प्रश्न एवढाच की ज्यास हवा त्यास मार्ग मोकळा असावा की नसावा.

९. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, पडताळणीची साखळी तिच्या पहिल्या कडीइतकीच विश्वसनीय असते. रत्नागिरीच्या तोतयापासून ब्रेन विषाणूपर्यंत हेच दिसते. दुसरी, मुद्रा खरी असणे आणि तिच्या आडून येणारा ऐवज निर्दोष असणे या भिन्न गोष्टी आहेत. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, पडताळणीचे यंत्र तटस्थ असते, परंतु त्यात कोणाची किल्ली बसविली आहे ही गोष्ट कधीच तटस्थ नसते. कार्ताझ आणि दस्तक यांचा कागद, शाई व तपासणी यांत फारसे अंतर नव्हते. अंतर होते ते मुद्राधाऱ्यात.

१७६५ मध्ये इंग्रजांनी सिंधुदुर्ग घेतला आणि त्यास फोर्ट ऑगस्टस असे नाव दिले. तट तोच, विहिरी त्याच, द्वारही तेच राहिले. द्वारावर मानली जाणारी मुद्रा तेवढी बदलली. पुढील वर्षी किल्ला करवीरकरांकडे परत आला आणि ते नावही लुप्त झाले. अखेर १८१२ च्या तहाने मालवण व सिंधुदुर्ग कायमचे इंग्रजांकडे गेले. वास्तू कोणाची हे तिच्या दगडांवरून ठरत नाही, तिच्या द्वारावर कोणाचा कागद चालतो यावरून ठरते. विकत घेतलेल्या यंत्रासही हा नियम लागू आहे. धन्याने घडविलेला आणि धन्याने मुद्रांकित केलेला कर्नेल ज्या यंत्रात चालू शकतो ते यंत्र त्याच्या मालकीचे होय. ज्यात तो चालू शकत नाही तेथे तो, किंमत पूर्ण दिली असली तरी, परक्याच्या परवान्यावर वावरणारा नाखवा होय.